दादा येतोय, सोड

“तुमच्या भाषेत ‘दादा’ म्हणजे कोण?” मामा जोसेफिनांनी मला विचारलं.

मी उभा होतो. बसायला बाक होता, पण तो दुसरी-तिसरीच्या पोरांच्या मापाचा. त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि साक्षीला आलेल्या माणसाची तशी बैठक बरी दिसत नाही.

“मोठा भाऊ,” मी म्हणालो.

वर्गात हसू फुटलं. खिडक्यांना लटकून ऐकणारी बाहेरची गर्दीही हसली. हसण्यासारखंच होतं. त्या देशात स्वाहिली बोलतात, आणि स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई. आपली सगळी नाती कुणीतरी पोत्यात भरून हलवल्यासारखी. बाबा तेवढा दोन्हीकडे बाबा. तेव्हा मामा जोसेफिना म्हटल्यावर मिशीवाला माणूस डोळ्यांपुढे आणू नका. त्या किबुंगे गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि लढाई थांबल्यावर नेमलेल्या शांतता समितीच्या अध्यक्षा. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती. बंदूकवालेसुद्धा त्यांच्यापुढे टोपी काढून उभे राहायचे.

दोन माणसं मात्र हसली नाहीत. डावीकडे बसलेला झकारिया मुलोंगो, आणि उजवीकडे, अगदी दाराजवळ, एस्पेरान्स.

झकारियाने नवा कोट घातला होता. बाहीवरची शिंप्याची चिठ्ठी काढायची राहून गेली होती. गेली दोन वर्षं त्याला मी हिरव्या गणवेशात आणि गळ्यात काडतुसांचा पट्टा अशाच वेषात पाहिलं होतं. तो ‘वालिंझी’ नावाच्या फौजेचा कमांडर होता. वालिंझी म्हणजे राखणदार. आता त्याच राखणदारांचा पक्ष झाला होता, पक्षाला कंदील हे चिन्ह मिळालं होतं, आणि कमांडर झकारिया किबुंगेतून निवडणुकीला उभा होता. समितीचा नियम एकच होता: ज्याने वाट देतो असा शब्द देऊन माणूस मारला, त्याला उभं राहता येणार नाही. लढाईत मारलेल्यांची गोष्ट वेगळी. शब्द देऊन मारलेल्यांची वेगळी.

एस्पेरान्सचं म्हणणं होतं की तिचा भाऊ एलिया तसाच मारला गेला.

आणि खरं काय ते सांगू शकणारा जिवंत माणूस एकच होता. तो म्हणजे मी, भूपाल माणगावे, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर.

*

मी तिकडे साखर शिजवायला गेलो होतो. यात काही गंमत नाही, तो आमचा धंदाच आहे. आमच्याकडची बरीच माणसं आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत जाऊन आली आहेत. उसाचा रस आटवून त्याचा पाक मोठ्या बंद पॅनमध्ये घेतात आणि तिथे त्याला दाणा धरवतात. हे काम यंत्राचं कमी आणि बोटांचं जास्त. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, बोटाने चोळायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. दाणा नीट बसला आणि पॅन भरला की खालच्या माणसाला ओरडून सांगायचं, “सोड!” मग तो खालची झडप उघडतो आणि सगळा माल खाली येतो. एक मिनिट लवकर सोडला तर पाणी, उशिरा सोडला तर दगड.

झकारी (आम्ही त्याला झकारीच म्हणायचो) माझ्याकडे आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. आधी बॉयलरवर भुसा लोटायचा. मी त्याला एकदा सहज काचपट्टी दिली, तर पट्ठ्याने न बघता, नुसत्या बोटांनी सांगितलं की अजून दहा मिनिटं लागतील. बरोबर दहा मिनिटं लागली. तसली बोटं मी कोल्हापूर जिल्ह्यातही दोघांचीच पाहिली आहेत.

माझी स्वाहिली तेव्हा मोडकी होती. त्यामुळे तो माझी भाषा शिकला. शाळेत बसून नाही. पॅनवर उभं राहून, माझ्या शिव्या खाऊन. आठ वर्षांत तो असा बोलायला लागला की डोळे मिटले तर जयसिंगपूरच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटावं.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. पाळीवर असलो की मला भान राहायचं नाही. झकारी बरोबर साडेपाचला जिन्याखालून ओरडायचा, “दादा, दिस चालला! जेवा आधी, पॅन मी बघतो!”

आमच्या पाळीत तिसरा माणूस एलिया. तो प्रयोगशाळेत होता, रसाचे नमुने तपासायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, चष्मेवाला, सावकाश बोलणारा. मी त्याला एलियादादा म्हणायला लागलो. बाकीचे पोट धरून हसायचे, कारण त्यांच्या कानाला ते एलियाताई असं ऐकू यायचं. एलिया रागावला नाही. नाव चिकटलं. झकारीही त्याला एलियादादाच म्हणायचा, आणि तो कोणत्या अर्थाने म्हणायचा ते आम्हा तिघांना ठाऊक होतं.

एलिया डोंगराकडचा होता आणि झकारी तळ्याकाठचा. तोवर त्याचा कुणाला उपद्रव नव्हता.

*

मग लढाई आली. ती कशी आली हे मला आजही नीट सांगता येत नाही. राजधानीत काहीतरी झालं, डोंगरावर दोन गावं जळली, मग तळ्याकाठी तीन जळली. एका सोमवारी झकारी पाळीवर आला नाही. दोन महिन्यांनी आला तो चाळीस पोरं आणि तीन जीपगाड्या घेऊन. लुमेरा नदीवरचा पूल त्याने ताब्यात घेतला. किबुंगेतून बाहेर पडायला तो एकच पूल.

कारखान्याला त्याने हात लावला नाही, हे मी कबूल केलं पाहिजे. उलट फाटकावर दोन पोरं ठेवली. आमचे मालक कधीच विमानाने निघून गेले होते. मी, एक स्टोअरकीपर आणि दोन फिटर, एवढे चौघे हिंदुस्थानातले उरलो होतो, त्यांत मराठी मी एकटाच, आणि आम्ही जिवंत राहिलो ते झकारीमुळे.

एलियाला मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत लपवलं होतं. चुन्याच्या पोत्यांच्या आड तो सव्वा महिना राहिला. वाचायला मी त्याला कारखान्याची जुनी वार्षिक पुस्तकं द्यायचो, दुसरं काही नव्हतंच. एस्पेरान्स पुलापलीकडे नातलगांकडे पोचली होती आणि रोज माणसाकरवी विचारायची, एलिया कधी येतो.

शेवटी मी झकारीला गाठलं. फाटकाशीच, भर दुपारी.

“एलियादादा माझ्यापाशी आहे,” मी म्हणालो.

“मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “चुन्याची पोती कोण वाचत बसतंय? खिडकीतनं उजेड दिसतोय.”

“त्याला पुलापलीकडे जाऊ दे.”

तो बराच वेळ बुटाने माती उकरत होता. मग म्हणाला, “उद्या मळीच्या गाडीतनं पाठवा. निघायच्या वक्ताला वायरलेसवर मला सांगा. पर नाव घेऊ नगासा. समदी ऐकत्यात. आपल्या भाषंत सांगा.”

आपल्या भाषेत, असं म्हणाला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी निघाली. मळीच्या पिंपांमागे एलिया बसला होता, चष्मा रुमालात गुंडाळून. मी कारखान्याच्या वायरलेसवर बोललो, “दादा येतोय. मळीच्या गाडीतनं. सोड.”

साडेअकराला ड्रायव्हर चालत परत आला. गाडी पुलावरच होती. एलियाला पोरांनी खाली उतरवलं होतं. कमांडर पलीकडच्या झोपडीत होता, बाहेर आला नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. गोळ्या त्याने मोजल्या नव्हत्या.

पुढची दोन वर्षं मी झकारीशी बोललो नाही. तो फाटकावर यायचा, मी आत निघून जायचो. पोरं मात्र त्याने फाटकावरून काढली नाहीत.

*

साक्षीच्या दोन दिवस आधी तो माझ्या क्वार्टरवर आला. मी नुकतंच पान वाढून घेतलं होतं. त्याने आधी खिडकीतून सूर्य बघितला.

“येळ हाय अजून,” तो म्हणाला. “बसा, जेवा. मी थांबतो.”

मी जेवायला बसलो. समोर बसून तो बघत राहिला. ताटात अन्न टाकायची सवय नाही, म्हणून सगळं संपवलं. मी हात धुतल्यावरच तो बोलला. शिष्टाचार त्याला सगळे येत होते.

“मी समितीला सांगितलंय की तुमी वायरलेसवर ‘दादा’ म्हणालासा. समद्यांनी ऐकलंय ते. मला वाटलं बाई येतीया, कुणाची तरी भण. मी पोरांना सांगितलं, गाडीत बाई हाय, जाऊ द्या. त्यांनी पिंपामागं बघितलं तर गडी. त्यांना वाटलं डोंगरावरचा हेर हाय.”

“असं सांगितलंस तू.”

“व्हय.”

“आणि तुला माझी भाषा येत नाही, असंही सांगितलंस.”

“म्हटलं, मी बॉयलरवरचा माणूस. पॅनवर चार दिस होतो.” तो हसला नाही. “पाळीतला मोझेस तापानं गेला. दुसरा तळं वलांडून गेला. आता तुमीच हायसा.”

मी विचारलं, “झकारी, खरं सांग. सोड म्हणालास की नाही पोरांना?”

त्याने आपली बोटं गुडघ्यावर पसरली. पॅनवर असताना ती बोटं कायम चिकट असायची. आता स्वच्छ होती, नखं कापलेली.

“त्या आठवड्यात डोंगरावर आमची सात पोरं जाळली हुती,” तो म्हणाला. “त्यांचं भाऊ माझ्या पुलावर हुतं. मी बाहेर येऊन ‘सोडा’ म्हणालो असतो तर त्यांनी मला सोडला नसता. मग मी झोपडीतच बसलो. मी मारा म्हणालो न्हाई, दादा. सोडाबी म्हणालो न्हाई.”

“तू शब्द दिला होतास.”

“दिला हुता की.”

बाहेर त्याच्या प्रचाराची गाडी उभी होती. कर्ण्यावर बाईच्या आवाजात गाणं लागलं होतं: कंदील लावा, अंधार घालवा, असंच काहीतरी. तो उठला आणि खिडकीशी गेला.

“मी उभा ऱ्हायलो न्हाई तर पोरं बंदुका खाली ठेवणार न्हाईत. पूल पुन्ना बंद. कारखाना पुन्ना बंद. नऊशे तोडणीवाली माणसं हाईत, दादा. तुमचं तिघं हाईत.” मग वळून, अगदी हळू म्हणाला, “मी धमकी देत न्हाई. तुमाला कधी दिली न्हाई. तुमी खोटं बोला म्हणत न्हाई. एवढंच म्हणा, झकारीला माझी भाषा कळत असंल-नसंल, मला ठाव न्हाई.”

“ते खोटंच आहे.”

“बारीक हाय,” तो म्हणाला.

जाताना त्याने माझं रिकामं ताट उचलून मोरीत ठेवलं. पूर्वीही ठेवायचा.

मी त्या दोन दिवसांत पुष्कळ कारणं गोळा केली. नऊशे माणसं, शांतता, तिघांचा जीव, आठ वर्षांचं त्याचं माझं नातं, फाटकावरची पोरं. सगळी कारणं खरी होती. पण मी घाबरलो होतो, हे त्या सगळ्यांच्या आधीचं. घरी जायची तिकिटं महिन्याभरावर आली होती आणि मला जिवंत घरी जायचं होतं.

*

साक्षीआधी मामा जोसेफिनांनी मला विचारलं होतं की तुमच्या धर्माचा कोणता ग्रंथ आणवू. मी म्हणालो, ग्रंथ नको, मी अन्नाची शपथ घेतो. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी वळून सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

“मोठा भाऊ,” त्या आता म्हणाल्या, “आणि तुम्ही एलियाला असं म्हणायचा?”

“हो.”

“मी सांगते,” दाराजवळून एस्पेरान्स म्हणाली. ती उभी राहिली. बाजारात शिवणाचं मशीन चालवणारी, उंच, रुंद खांद्यांची बाई. “एलिया घरी येऊन हसत सांगायचा. मुहिंदीने मला बहीण केलंय, म्हणायचा.” मुहिंदी म्हणजे हिंदुस्थानी, म्हणजे मी.

पुन्हा थोडं हसू झालं, पण या वेळी लवकर विरलं.

“आणि कमांडर मुलोंगोंना,” मामा जोसेफिनांनी विचारलं, “तुमच्या भाषेतला हा अर्थ ठाऊक होता का?”

मी झकारीकडे बघितलं नाही. बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघितलं.

“पॅनवर पुष्कळ माणसं यायची-जायची,” मी म्हणालो. “कुणाला किती कळायचं, मला सांगता येणार नाही.”

मामा जोसेफिनांनी लिहून घेतलं. त्यांचं अक्षर मोठं, गोल, फळ्यावरच्यासारखं होतं. मला वाटलं, सुटलो.

“मला एक विचारायचंय,” एस्पेरान्स म्हणाली.

“विचार.”

ती माझ्यासमोर आली. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने फार सावकाश विचारलं, एलियासारखंच. “तुम्ही वायरलेसवर बोललात. मग पलीकडून काही उत्तर आलं का? गावातले काहीजण म्हणतात, काहीतरी आवाज आला. तुम्ही सगळ्यात जवळ होता. कमांडर काही बोलला का?”

हा प्रश्न झकारीने हिशेबात धरला नव्हता. तो खुर्चीत पुढे सरकला. मला न बघताही कळलं.

त्या दिवशी सकाळी वायरलेस कधी नव्हे इतका स्वच्छ लागला होता. मी ‘सोड’ म्हणून बटण सोडलं आणि लगेच उत्तर आलं होतं. आवाज झकारीचा. शब्द आमच्या गावचे.

“सोडतो की, दादा. निवांत ऱ्हावा.”

ते ऐकून मी खरोखर निवांत झालो होतो. चहा करून घेतला होता.

“खरखर झाली,” मी एस्पेरान्सला म्हणालो. “काही कळलं नाही.”

समितीने दुपारी निकाल दिला. शब्दाचा घोटाळा झाला, मुद्दाम दगा दिल्याचं सिद्ध होत नाही, कमांडर मुलोंगोंना उभं राहता येईल. बाहेर कर्णा सुरू झाला. झकारी माझ्या अंगावरून गेला तेव्हा त्याने कोटाच्या बाहीवरची ती चिठ्ठी ओढून काढली आणि खिशात घातली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

मी शाळेच्या मागच्या बाजूने निघालो, तर पाण्याच्या टाकीपाशी एस्पेरान्स उभी. पळून जावंसं वाटलं. ती पुढे आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

“पोले,” ती म्हणाली. कुणाच्या घरी मरण झालं, कुणाला ठेच लागली, तरी तिकडे हाच शब्द म्हणतात. ती माझं सांत्वन करत होती. “दोन वर्षं मी तुम्हाला शिव्या दिल्या. वाटायचं, या मुहिंदीने माझा भाऊ विकला. आज कळलं. तुमचा एक शब्द चुकला. तेवढंच. शब्द कुणाचाही चुकतो.”

मी टाकीच्या नळाकडे बघत राहिलो.

“तुम्ही त्याला वाचवायला गेलात आणि तुमच्याच तोंडून तो गेला. हे घेऊन तुम्ही घरी जाणार. मला ते बघवत नाही.” तिचे डोळे भरून आले होते. “आता तो शब्द बरोबर करा. आमच्या भाषेत. मला म्हणा.”

“काय म्हणू?”

“दादा म्हणा.”

मी म्हणालो, “दादा.”

तिने मला जवळ घेतलं आणि पाठीवर हात फिरवला.

*

याला एकोणीस वर्षं झाली. मी महिन्याभरात परत आलो आणि पुन्हा कुठल्या परदेशात गेलो नाही. शिरोळकडच्याच एका कारखान्यात वयोमर्यादेपर्यंत काम केलं.

झकारी निवडून आला. आधी शेतीखात्याचा उपमंत्री झाला. पाचव्या वर्षी सरकारशी बिनसलं तेव्हा कोट काढून पुन्हा हिरवे कपडे चढवले आणि लुमेरावरचा पूल अकरा महिने बंद ठेवला. कारखाना त्यात जळाला. अकरा महिन्यांत पुलावर किती माणसं गेली, हे मी कुणालाही विचारलेलं नाही. नंतर तह झाला आणि तो आधीपेक्षा मोठा मंत्री झाला. हे सगळं मला एस्पेरान्स सांगायची. दरवर्षी एक जानेवारीला तिचा फोन येतो. उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं: “दादा बोलतेय.”

घरात सगळ्यांना तिची माहिती आहे. सुना म्हणतात, तुमच्या आफ्रिकेतल्या बहिणीचा फोन. मलाही घरात आणि गावात सगळे दादाच म्हणतात. आमच्याकडे वयाने मोठ्याला दुसरं म्हणणार काय.

या वर्षी फोन आठ दिवस उशिरा आला.

“दादा बोलतेय,” ती म्हणाली. “झकारिया मुलोंगो गेला. कळलं?”

“नाही. कशाने?”

“साखरेने. पाय कापला होता. गेले तीन महिने अंथरुणावरच होता.” साखर शिजवणारा साखरेने गेला. एरवी मी यावर काहीतरी चावट बोललो असतो. “मी मातीला जाऊन आले,” ती म्हणाली.

“तू? मातीला?”

“गेले. तुमच्यामुळे गेले. तुम्ही त्या दिवशी सांगितलं नसतं तर मी एवढी वर्षं त्या माणसाचा द्वेष करत बसले असते. माझं आयुष्य त्यात गेलं असतं. म्हटलं, त्याला माफ केलंय तर शेवटचं तोंड बघून यावं.”

मी पलंगावर बसलो. नात टीव्ही बघत होती, तिला आवाज कमी करायला सांगितला.

“त्याच्या बायकोने मला जवळ बसवून घेतलं,” एस्पेरान्स सांगत होती. “ती म्हणाली, शेवटी शेवटी तो वेगळीच भाषा बोलायचा. स्वाहिली नाही, त्याच्या गावची नाही. डॉक्टरांनाही कळेना. एकच शब्द पुन्हा पुन्हा. हाताची बोटं एकमेकांवर चोळायचा आणि तेच म्हणायचा. मी तो लक्षात ठेवलाय. म्हटलं, तुम्हाला विचारू.”

“काय शब्द?”

“सोड,” ती म्हणाली. “तुमच्या भाषेतला आहे का? सोड म्हणजे काय?”

झकारी मेला होता. माझे ते तिघे कधीच आपापल्या घरी पोचले होते, त्यातले दोघे आता नाहीतही. कारखाना नाही. मला कुणी काही करणार नव्हतं. स्वयंपाकघरातून सुनेने हाक मारली, “दादा, दिवस चाललाय, जेवून घ्या.” इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की भीती नसती तर मी खरं बोललो असतो. आता भीती नव्हती. फक्त फोनच्या पलीकडे ती होती.

“दादा?” ती म्हणाली. तिकडच्या अर्थाने की आपल्याकडच्या, कुणास ठाऊक. “ऐकू येतंय ना?”

“येतंय,” मी म्हणालो. “कारखान्यातला शब्द आहे तो. पॅन भरला की खालच्या माणसाला ओरडून सांगतात.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बिचारा,” ती म्हणाली. “म्हणजे शेवटी कामावरच होता.”